दहा मीटरची ऑफशोअर रेसिंग बोट: डिझाइन आणि तयारीच्या नोंदी

१४ जानेवारी

मुख्य आकडे आज पक्के केले. लांबी ९.९८ मीटर, रुंदी ३.३५, ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) २.१०, रिकामं वजन ३४०० किलो आणि त्यातलं १३५० किलो कीलमध्ये, म्हणजे तळाखालच्या जड पात्यात. फिक्स्ड कील, दोन सुकाणू, चालवायला दोन माणसं. कॅंटिंग (बाजूला झुकवता येणारी) कील नको यावर आम्हा दोघांचं लगेच एकमत झालं, कारण हायड्रॉलिक्स आलं, त्याला वीज आली, हलच्या (बोटीच्या मुख्य कवचाच्या) मधोमध फिरणारा सांधा आला, आणि दोनच माणसं असताना जी गोष्ट भर समुद्रात दुरुस्त करता येत नाही ती या साइझच्या बोटीत घ्यायचीच कशाला. वॉटर बॅलास्ट (बोट ताठ ठेवायला टाक्यांत भरलेलं पाणी) मात्र घेतोय, दोन्ही बाजूंना २०० लिटर. मधल्या रेषेपासून टाकीचा मध्य साधारण १.३५ मीटरवर येतो म्हणजे २७० किलो-मीटरचा आधार, दोन माणसं सतत रेलवर (डेकच्या कडेवर) बसवल्यासारखं, आणि ही दोन माणसं कधी दमत नाहीत, त्यांना झोप लागत नाही.

वॉटरलाइन (पाण्याला टेकणारी लांबी) ९.२० मीटर आहे, त्या हिशोबानं हल स्पीड (पाणी कापत जाताना मिळणारा कमाल वेग) ७.३५ नॉटच्या आसपास. वाऱ्याविरुद्ध जाताना तेवढंच मिळणार. त्यापुढचं सगळं प्लेनिंगमधून (पाण्यावर उचलून घसरत जाण्यातून) काढायचंय आणि तिथे वजनच सगळं ठरवतं.

म्हणून आजपासून वजनाची वही. बोटीत जाणारी प्रत्येक गोष्ट काट्यावर ठेवायची, वजन लिहायचं, ती किती उंचीवर आणि नाकापासून किती लांब बसणार तेही लिहायचं. वहीच्या पहिल्या पानावर तीन जागा लिहिल्यात जिथून वजन काढायचं नाही: कील बसते ती जागा, सुकाणूंची बेअरिंग, शराउडच्या (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारांच्या) चेनप्लेट, म्हणजे त्यांची बोटीवरची पकड. बाकी कुठूनही कापा. ऑफशोअर शर्यत जिंकली जाते ती पहाटे तीनला, काळोखात, ३० नॉट वाऱ्यात शीड तसंच ठेवायची हिंमत असली तर, आणि खालून कुरकुर ऐकू आली की ती हिंमत जाते, माणूस रीफ घेतो (शीड लहान करतो) आणि तिथेच मैल जातात. वाचवलेले वीस किलो ते मैल परत आणून देत नाहीत.

२ फेब्रुवारी

हलचा आकार. मागचा भाग रुंद, चाइन (बाजू आणि तळ मिळतात तिथली धार) साधारण मधल्या भागापासून मागे, नाक बऱ्यापैकी भरलेलं. २०११ च्या मिनी ट्रान्सॅटमध्ये (छोट्या बोटीतून एकट्याने अटलांटिक पार करायची शर्यत) डेव्हिड रेझोनने गोल बोथट नाकाची साडेसहा मीटरची बोट आणली आणि प्रोटोटाइप (प्रायोगिक बोटींच्या) गटात जिंकला, तेव्हापासून हा आकार डिझाइनमधून गेला नाही तो नाहीच. कारण सरळ आहे. मागे रुंद आणि पुढे टोकदार अशी बोट कलली की पाण्यातला आकार तिरका होतो, मागचा भाग वर उचलला जातो, नाक खाली दाबलं जातं, आणि सुकाणूवरचा जोर वाढतो. पुढेही रुंदी दिली की कललेली बोट जवळजवळ सरळ रेषेत चालते आणि लाटेच्या पाठीत नाक घुसत नाही.

पण पूर्ण बोथट नाक वाऱ्याविरुद्ध छोट्या उभ्या लाटांत फार आपटतं. आमची शर्यत फक्त वाऱ्याच्या दिशेने नाहीये, अर्धीअधिक तोंडावर वारा घेऊन जायचंय, त्यामुळे मधला मार्ग घेतलाय: पाण्याजवळ नाक बऱ्यापैकी अरुंद, वर डेककडे झपाट्याने रुंद होणारं. सपाट बोटीपेक्षा पाण्याखालच्या भागात थोडा जास्त व्ही आकार ठेवलाय. एकाच बाबतीत सर्वोत्तम असलेल्या बोटीपेक्षा सगळीकडे चांगली बोट लांबच्या शर्यतीत पुढे असते असं माझं ठाम मत आहे.

१९ फेब्रुवारी

स्टॅबिलिटीचे कर्व्ह (किती कलल्यावर बोट किती जोराने सरळ होते त्याचे आलेख) काढले, दिवसभर तेच.

रुंद बोट सुरुवातीला ताठ असते, कलायला तयार नसते, आणि त्यामुळे चांगली वाटते. पण तीच रुंदी बोट उलटी झाली की तिला उलटीच धरून ठेवते. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत (इंग्लंडहून निघून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालणारी) ३०३ बोटी निघाल्या होत्या, वादळात १५ स्पर्धक गेले, २४ बोटी सोडून दिल्या गेल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा नंतर तरंगताना सापडल्या. त्यानंतर जे संशोधन झालं त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या ज्या मी आजही प्रत्येक डिझाइनला लावून बघतो. पहिली अशी की मोठी फुटणारी लाट आडवी आली तर पुरेशी उंच असली की कुठलीही बोट उलटवू शकते, तेव्हा उलटल्यावर परत येणं हे महत्त्वाचं. दुसरी जरा उलटी वाटते: डोलकाठी असलेली बोट लाटेला जास्त तोंड देते, कारण उंचावरचं वजन गोल फिरायला वेळ घेतं, आणि काठी मोडून गेली की पुढच्या लाटेत तीच बोट पटकन फिरते.

ज्या कोनापुढे बोट सरळ होत नाही तो कोन आमच्या कर्व्हवर १२६ अंश आलाय, किमान शर्यतीच्या तयारीतलं वजन धरून. आयएसओ १२२१७ या बोटींच्या स्थिरतेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या दुसऱ्या भागात अ वर्गासाठी (खुल्या समुद्रासाठी) हिशोब १३० वजा ०.००२ गुणिले किलोतलं वजन असा आहे, आम्ही ३७०० किलो धरलं तर १२२.६ अंश लागतात. म्हणजे हातात तीन-साडेतीन अंश. हे फार नाहीत, डोलकाठीवर रडार चढवला, फर्लर (शीड गुंडाळणारं यंत्र) जड घेतला की त्यातला एखादा अंश सहज जाईल. केबिनचं छत थोडं उंच आणि गोलसर केलंय, उलटी असताना त्या फुगवट्यामुळे बोट अस्थिर राहते आणि आम्हाला तेच हवंय.

८ मार्च

कील. सगळ्यात जास्त वेळ इथेच जाणार होता आणि तसाच गेला.

आधी लोड. बोट ९० अंशात आडवी झालीय, कील हवेत आडवी लटकतेय. १३५० किलो, त्याचा गुरुत्वमध्य हलपासून १.४० मीटर खाली, म्हणजे १८९० किलो-मीटरचा मोमेंट (वाकवणारा जोर). वरच्या फ्लॅंजवर (कील हलला जोडणाऱ्या सपाट कडेवर) बोल्टच्या रांगेपासून दाबाच्या कडेपर्यंत अंतर फक्त पाव मीटर, म्हणजे एका बाजूच्या बोल्टवर मिळून साडेसात टनांचं ओढणं. हा स्थिर आकडा झाला. लाटेतून पडताना त्याच्या वर जाणार, आणि तेही लाखो वेळा कमीजास्त होत, म्हणजे खरा शत्रू फटीग, पुन्हापुन्हा ताण येऊन थकणं. आयएसओ १२२१५ (बोटींच्या बांधणीचं मानक) चा नववा भाग आडवी बोट, उभा आपट, समोरून धडक असे वेगवेगळे प्रसंग तपासायला लावतो. समोरून धडक हा मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण कीलचा खालचा भाग मागे ढकलला जातो आणि मागच्या कडेला फ्लॅंज हलमध्ये वर घुसायला बघते, पुढची कडा खाली ओढली जाते, आणि आतल्या फ्लोअरचे (तळाच्या आडव्या मजबुतीच्या फासळ्यांचे) सांधे उचकटतात. बाहेरून मात्र जेलकोटवर (बाहेरच्या गुळगुळीत थरावर) एक बारीक रेघ दिसते, तीसुद्धा नेहमी दिसेलच असं नाही.

चीकी राफिकी या बोटीचं हेच झालं. मे २०१४, उत्तर अटलांटिक, शर्यतीनंतर परत येणारी बोट, कील सुटली आणि चारही जण गेले. ब्रिटिश तपासात आलं की आधीची तळाला लागलेली वेळ आणि नंतरच्या दुरुस्त्या यांनी आतली ग्रिड (मजबुतीची जाळी) आणि हल यांच्यातला चिकट सांधा कमजोर केला असावा. २०११ च्या फास्टनेटमध्ये रॅम्बलर १०० ची कील खडक वळून गेल्यावर थोड्याच वेळात मोडली आणि शंभर फुटी बोट बघता बघता उलटली, तिथले सगळे २१ जण वाचले. १९८५ ला याच शर्यतीत ड्रम या बोटीची कील गेली होती. म्हणजे मोठा संघ, नवी बोट, यातलं काहीही ढाल होत नाही.

आमचा निर्णय: वेगळी बनवून चिकटवलेली ग्रिड नको. सगळे फ्लोअर हलवरच जागेवर लॅमिनेट करायचे (फायबर आणि रेझिनचे थर चढवून), टॅबिंग (सांध्यावरच्या फायबरच्या पट्ट्या) रुंद आणि पायऱ्यापायऱ्यांनी पातळ होत जाणारं, जेणेकरून कडेला ताण साचणार नाही. कीलच्या जागी कोअर (मधला हलका फोम) अजिबात नाही, सलग लॅमिनेट. बोल्टखाली साध्या वॉशरऐवजी जाड बॅकिंग प्लेट, दोनदोन बोल्टना मिळून एक. आणि प्रत्येक बोल्ट, प्रत्येक फ्लोअरचा प्रत्येक कोपरा डोळ्यांनी दिसला पाहिजे आणि हाताला लागला पाहिजे, वर फर्निचर येणार नाही. जी जागा बघता येत नाही ती कोणी बघत नाही.

२९ मार्च

जोडीदार म्हणाला फ्लोअरच्या वरच्या पट्ट्या कार्बनच्या केल्या तर बावीस किलो वाचतात. हिशोब बरोबर होता. तरी नाही म्हणालो. ताकदीत कार्बन कमी पडतो म्हणून नाही, तर काच (ग्लास फायबर) आधी वाकते, पांढरी पडते, आवाज करते आणि मग जाते, कार्बन इशारा फार थोडा देतो. शिवाय कीलचे बोल्ट स्टेनलेसचे, बिल्जमध्ये (तळाच्या खोलगटीत) खारट पाणी साचणार, आणि कार्बन धातूला लागला की धातू गंजतो. हे बावीस किलो पाण्याच्या पातळीखाली आहेत, तिथे ते आपलं नुकसान करत नाहीत. तेवढंच वजन डोलकाठीतून काढू म्हटलं आणि तो तयार झाला.

२० एप्रिल

हल इन्फ्यूज झाली, म्हणजे व्हॅक्यूमने रेझिन आत ओढून घडवली. एपॉक्सी, काच, मध्ये फोम. रात्री बॅग लावून व्हॅक्यूम ओढला, पंप बंद करून सकाळपर्यंत गेज जवळपास हललं नाही, मगच रेझिन मिसळायला घेतलं. ही तपासणी कितीही घाई असली तरी सोडू नये, एका सुईएवढ्या गळतीतून हवा आत येत राहते आणि लॅमिनेटमध्ये कोरड्या रेघा उरतात ज्या नंतर दिसतही नाहीत. शेडचं तापमान दिवसभर सारखं ठेवलं कारण रेझिन किती पातळ राहणार आणि किती वेळात धरणार हे दोन्ही त्यावरच आहे. रेझिन मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना चढत गेलं, कीलच्या जाड भागात अपेक्षेप्रमाणे हळू, तिथे जास्तीची फीड लाइन आधीच टाकली होती ती कामाला आली.

पुढच्या तळाला, जिथे बोट आपटते, तिथे चिवट जातीचा जास्त घनतेचा फोम. तिथे कातरणीचा जोर येतो, कडक ठिसूळ फोम आतल्या आत चिरतो आणि दोन्ही बाजूंची कातडी वरून ठणठणीत दिसते.

११ मे

पोस्ट-क्युअर (गरम ठेवून रेझिन पूर्ण कडक करणं) झालं, हल साच्यातून निघाली, काट्यावर चढवली. वहीतल्या अंदाजापेक्षा १४ किलो जास्त. बहुतेक सगळे सांध्यांच्या फिलेटमध्ये (कोपऱ्यांतल्या भरावात) गेलेत. रंगात वसूल करायचे, कारण फिलर आणि रंगाचे थर हे असं वजन आहे जे कुठलंच काम करत नाही. फेअरिंग (पृष्ठभाग घासून सारखा करणं) पाण्याखाली नीट, वर जेमतेम.

६ जून

डेक बसला. विंच, क्लीट, पॅडआय (दोऱ्या ओढायची आणि अडकवायची साधनं) यांच्याखाली फोम काढून सलग लॅमिनेट, बोल्टची भोकं मोठी पाडून एपॉक्सीने भरून मग पुन्हा पाडली, जेणेकरून पाणी कोअरमध्ये शिरणार नाही. कंपॅनियनवेच्या (केबिनच्या दाराच्या) फळ्यांना दोरी, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून लावता येणारी कडी. १९७९ मध्ये बोटी आडव्या झाल्या तेव्हा अशा फळ्या गळून पडल्या आणि उघड्या दारातून पाणी आत गेलं, नियम तिथून आलाय. पुढे वॉटरटाइट बल्कहेड (पाणी अडवणारी आडवी भिंत), मागे सुकाणूच्या खोलीला दुसरं. हलमधल्या प्रत्येक भोकाशेजारी मऊ लाकडाची खुंटी बांधली.

२८ जून

दोन सुकाणू, बाहेरच्या बाजूला कललेले, म्हणजे बोट वीसेक अंश कलली की खालचं सुकाणू पाण्यात जवळपास उभं असतं. एकेक पान लहान ठेवता येतं आणि जोरदार वाऱ्यातही ऑटोपायलट शांत राहतो. तोटा असा की ही पानं कीलच्या आडोशात नाहीत, तरंगणारं लाकूड असो, कंटेनर असो, थेट त्यांच्यावरच येणार. २०२० पासून इबेरियाच्या किनाऱ्यावर ओर्का बोटींच्या सुकाणूंना धडकतायत, तो धोकाही आता रूट ठरवताना धरावा लागतो. म्हणून पानाचा खालचा एक तृतीयांश भाग मुद्दाम नुसता फोम आणि पातळ कातडी असा केलाय, शाफ्ट त्याच्या वरच संपतो. धडक बसली तर खालचा तुकडा तुटून जावा, बेअरिंग आणि हल शाबूत राहावी, आणि उरलेल्या पानावर घरी येता यावं. मला हा भाग सगळ्या बोटीत सगळ्यात जास्त आवडतो.

२३ जुलै

डोलकाठी आली. कार्बन, मागे झुकलेले स्प्रेडर (तारा बाहेर रेटणारे आडवे दांडे), बॅकस्टे (डोलकाठीला मागून धरणारी तार) नाही, त्यामुळे मेनसेलचा (मुख्य शिडाचा) माथा चौकोनी ठेवता आला. वर एक किलो म्हणजे बोटीच्या गुरुत्वमध्यापासून साडेतेरा मीटर वर, ते फेडायला खाली बल्बमध्ये आठ किलोहून जास्त टाकावं लागतं. म्हणून हॅलियार्डचं (शीड चढवायच्या दोरीचं) आवरण जिथे घासत नाही तिथे काढून टाकलं, माथ्यावर वारामापक, व्हीएचएफ रेडिओचा अँटेना आणि दिवा एवढंच. बावीस किलोचं कर्ज अजून पूर्ण फिटलं नाहीये पण वरचं एक किलो खालच्या बावीसांपेक्षा महाग असतं हे जोडीदारालाही पटलंय.

वादळाची शिडं: स्टॉर्म जिबचं (वादळातल्या छोट्या पुढच्या शिडाचं) क्षेत्रफळ फोरट्रँगलच्या (डोलकाठीपुढच्या त्रिकोणाच्या) उंचीच्या वर्गाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आमची उंची १२.५ मीटर म्हणजे ७.८ चौरस मीटर. भडक नारिंगी कापड. ट्रायसेल (मुख्य शिडाऐवजी लावायचं वादळी शीड) बूमशिवाय (मुख्य शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याशिवाय) चढवता आलं पाहिजे, कारण ज्या दिवशी ते लागेल त्या दिवशी बूम मोडलेली असू शकते. दोन्ही शिडं धक्क्याला बांधून चढवून पाहिली, शीटचे (शीड ओढायच्या दोऱ्यांचे) पॉइंट डेकवर रंगाने खूण करून ठेवले.

९ ऑगस्ट

वीज. दोन माणसांच्या बोटीत ऑटोपायलट हा तिसरा माणूस आणि तोच सगळ्यात जास्त वेळ सुकाणू धरतो. त्यामुळे दोन पूर्ण वेगळे संच, दोन कॉम्प्युटर, दोन रॅम (सुकाणू ढकलणारे दांडे), वेगळ्या वायरिंगवर, नुसता सुटा भाग पिशवीत ठेवून भागत नाही. लिथियम बॅटरी मधल्या रेषेवर, कीलच्या अगदी मागे, उलट्या झाल्या तरी जागच्या हलणार नाहीत अशा पट्ट्यांनी बांधलेल्या. मागे पाण्यातला हायड्रोजनरेटर, बोटीच्या वेगावर वीज तयार करणारा. एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारी यंत्रणा), ४०६ मेगाहर्ट्झचा एपर्ब (संकटात उपग्रहाला इशारा देणारं यंत्र), सॅटफोन.

३० ऑगस्ट

बोट पाण्यात. रिकामं वजन ३४३० किलो, वॉटरलाइन खुणेवर, नाक किंचित वर आणि तसंच हवं होतं.

संध्याकाळी वारा पडल्यावर इन्क्लायनिंग टेस्ट, म्हणजे वजन सरकवून बोट किती कलते ते मोजणं. ८० किलो वजन एका कडेवरून दुसऱ्या कडेला ३.२० मीटर सरकवलं, दोन मीटर लांब ओळंब्याचं टोक १०७ मिलिमीटर गेलं. गुणाकार-भागाकार केला की मेटासेंट्रिक उंची (बोट किती ताठ आहे त्याचं माप) १.४० मीटरच्या जवळ येते. डिझाइनमध्ये १.३८ होती. म्हणजे गुरुत्वमध्य कागदापेक्षा दोन सेंटिमीटर खाली आहे, तीस किलो जास्त असूनही, कारण ते तीस किलो खाली बसलेत. वजनाची वही इथे वसूल झाली. मला मनापासून आनंद झाला, जोडीदार तर ओळंबा हातात घेऊनच उभा राहिला बराच वेळ.

१७ सप्टेंबर

मोठ्या वाऱ्यातल्या चाचण्या. वाऱ्याविरुद्ध २८-३२ नॉट, दोन रीफ आणि छोटी जिब. रात्रभर. खालच्या बाजूचे शराउड थोडे सैल पडत होते, परत येऊन डॉक ट्यून (धक्क्यावर लावलेला तारांचा ताण) वाढवला. पुढच्या तळात आपटल्यावर आवाज बोथट, एकसंध येतो, कुठे खडखड नाही. बॅलास्टचा झडप एका टॅकला (वारा एका बाजूने घेऊन जाताना) पुरता बंद होत नव्हता, वीसेक लिटर खालच्या बाजूला गेलं, सील बदलायचंय.

वाऱ्याच्या दिशेने मोठ्या शिडाखाली १६ नॉट सलग धरून राहिली, ऑटोपायलटवर, आणि मी त्या वेळी खाली जाऊन फ्लोअरच्या सांध्यांवर हात ठेवून बसलो होतो. काहीही हलत नव्हतं. जानेवारीत तीन जागा लिहिल्या होत्या त्या याचसाठी.

माणूस पाण्यात पडल्याचा सराव दोघांनी आलटून पालटून, बोटीवर एकच जण उरलाय असं धरून. शीड उतरवायला जातो तोच वेळ सगळ्यात मोठा. टिथर (माणसाला बोटीशी बांधणारी पट्टी) आम्ही दोन टोकांचे घेतलेत, एक मीटर आणि दोन मीटर, आणि डेकवर असताना शक्यतो छोटं टोकच लावायचं. हूक कुठे अडकू शकतो हे डेकवर फिरून पाहिलं, कारण नोव्हेंबर २०१७ मध्ये एका जगप्रदक्षिणा शर्यतीत टिथरचा हूक क्लीटखाली अडकून आडव्या जोराने वाकला, उघडला आणि एका खलाशाचा जीव गेला. जॅकस्टेच्या (टिथर अडकवायच्या डेकवरच्या पट्टीच्या) टोकांजवळचे दोन क्लीट हलवले.

२ ऑक्टोबर

बोट बाहेर काढली, शर्यतीआधीची कीलची तपासणी. वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेच्या नियमांत मोठ्या ऑफशोअर शर्यतींसाठी स्टार्टच्या आधीच्या २४ महिन्यांतली तपासणी लागते, आणि कुठे तळाला लागली असेल तर त्यानंतरची. आमची बोट नवी, तरी वादळी चाचण्यांनंतर लगेच बघायचंच ठरलं होतं.

फ्लॅंजच्या कडेने सगळीकडे भिंग लावून पाहिलं, रेघ नाही. आतून टॅबिंगवर नाण्याने ठोकत गेलो, आवाज सगळीकडे सारखा. बोल्टवर टॉर्क रेंच लावला, मागच्या दोघांना थोडंसं फिरणं मिळालं, बाकीचे जागच्या जागी. त्या दोघांखालचं सीलंट अजून बसत होतं असं दिसतंय, दाबून पुन्हा खूण केली, आठवड्याने परत बघणार. सुकाणूच्या बेअरिंगमध्ये ढिलेपणा नाही. बॅलास्ट झडपेचं सील बदललं, टाकी भरून रात्रभर ठेवली, गळती नाही.

स्टार्टपर्यंत उरलेलं: लाइफ राफ्टच्या सर्व्हिसची तारीख तपासून कागद फाइलमध्ये, बादल्यांना दोऱ्या (दोन, किमान नऊ लिटरच्या), शिडांचे बॅटन (आतल्या लवचीक पट्ट्या) सुटे, आणीबाणीच्या टिलरवर (सुकाणूच्या दांड्यावर) एक पूर्ण दुपार चालवणं, मग बोट पुन्हा पाण्यात.